गव्हाचं दुखणं कुणाच्या घरचं

आपल्या घराण्यात रोग नाही, हे नानासो वीरकर इतकी वर्षं सांगत आले होते की म्हसवडमध्ये ते शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं. त्यांचा आजा मधाचं पोळं काढताना झाडावरून पडून गेला. वडील मेंढरं घेऊन पुराच्या ओढ्यात शिरले, ते तिकडंच गेले. एक चुलते बैलगाड्यांच्या शर्यतीत गेले, तेही कडेला उभं राहून बघताना. म्हणजे वीरकर मरत होते, नाही असं नाही. पण अंगातल्या रोगानं कुणी मेलेलं नव्हतं, आणि याचा नानासोंना छातीवर लावायच्या पदकासारखा अभिमान होता. ते स्वतः सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन परत आले, आणि गेली पंचवीस वर्षं बाजरीची भाकरी खाऊन आपलं शेत आणि दहा-बारा मेंढरं बघत होते.

त्यांचा मुलगा अमृत सांगलीत दुचाकींच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगचं काम बघायचा. सून सोनिया शाळेत शिकवायची. त्यांची आठ वर्षांची उत्कर्षा गेली दोन वर्षं वाढायचीच थांबली होती. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. नानासोंच्या पत्नी रंगुबाई यांनी त्याचं निदान आधीच करून ठेवलं होतं. सोनियाचं माहेर माधवनगरचं, गिरणीतल्या माणसांचं. त्यांची हाडंच बारीक, असं त्यांचं म्हणणं. सोनिया ते दर सणाला ऐकून घ्यायची.

शेवटी सांगलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या आजाराला नाव दिलं आणि अमृतनं ते आईला फोनवर सांगितलं. "उत्कर्षाला सिलिॲक झालंय," तो म्हणाला. म्हसवडमध्ये त्या वेळी रेंज जात-येत होती. रंगुबाईंच्या कानाला जे लागलं ते होतं, "शिळं खाल्लंय."

संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांत झालं की वीरकरांची मास्तरीण सून पोरीला शिळं वाढते. दुसऱ्या दिवशी ही बातमी एसटीत बसली. विट्याला रंगुबाईंची भाची राहायची, तिथं ती उतरली, चहा प्याली आणि तिसऱ्या दिवशी माधवनगरला सोनियाच्या वडिलांच्या दारात हजर झाली.

आप्पासोंनी तीस वर्षं गिरणीत मागावर काढली होती. मागाच्या खडखडाटापेक्षा वरच्या आवाजात बोलायची त्यांची सवय गिरणी बंद पडली तरी सुटली नव्हती. त्यांनी नानासोंना फोन केला तेव्हा रेंज होती की नव्हती, याला फारसा अर्थ नव्हता.

"पाव्हणं, माझ्या पोरीनं नातीला शिळं वाढलं म्हनं? आमच्या दारात कुत्र्याला सुदिक ताजी चपाती पडती."

नानासोंना मुळात यातलं काही माहीत नव्हतं. पण व्याह्यांपुढं माहीत नाही असं म्हणायची पद्धत त्यांच्यात नव्हती. दोन्ही बाजूंनी बरंच बोलून झालं. शेवटी अमृतनं वैतागून दोघांनाही सांगितलं की मंगळवारी दवाखान्यात या आणि जे काय आहे ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

डॉक्टर ब्राह्मी पाटील वयानं सोनियाएवढ्याच असतील. त्यांनी समोर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं. शिळ्या-ताज्याचा यात काही संबंध नाही. काही माणसांच्या शरीराला गव्हातलं एक प्रथिन चालत नाही. ते पोटात गेलं की आतडं आतून खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, रवा, मैदा आयुष्यभर बंद केला की पोरगी हळूहळू सुधारेल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी सगळं चालेल. सोनियानं हे पुन्हा ऐकतानाही पदरानं डोळे टिपले. पोरीनं काहीतरी खावं म्हणून गेली दोन वर्षं ती तिला तूप लावून चपात्याच भरवत होती.

मग आप्पासोंनी विचारायला नको होतं ते विचारलं. हे आलं कुठनं?

"आजार जसाच्या तसा वारशानं येत नाही," ब्राह्मी मॅडम म्हणाल्या. "तो होण्याची शक्यता येते. आई-बाबांना किंवा भावंडांना असला, तर साधारण दहातल्या एकाला होतो. म्हणून मी या दोघांचं रक्त तपासलं. दोघांचंही स्वच्छ आलं. पण आजार नसला तरी ती शक्यता कुणाकडून तरी आलेली असणारच. कदाचित दोघांकडूनही."

त्या बोलत होत्या ते बरंच होतं, पण दोन्ही व्याह्यांनी त्यातले दोनच शब्द उचलले. कुणाकडून तरी.

नानासो म्हणाले, आमच्याकडून नाही. पाच पिढ्यांत कुणाला असलं काही झालेलं नाही. आप्पासो म्हणाले, आमच्याकडून तर नाहीच. आम्ही तीन पिढ्या चपाती खातोय, गव्हाचं दुखणं आमच्यात असतं तर कवाच दिसलं असतं. तुमी गहू खाल्लाच कुठं? मॅडमनी मान हलवली आणि आप्पासोंचं म्हणणं तसं बरोबर आहे असं कबूल केलं. ज्या घरात गहू खाल्लाच जात नाही, तिथं हा आजार असला तरी कळणार कसा?

नानासोंचा सगळा वंश एका वाक्यात संशयित झाला.

"मंग माझी तपासनी करा," ते म्हणाले.

मॅडमनी परोपरीनं सांगितलं की आजोबांची लगेच तपासणी करायची गरज नाही. शिवाय जो गहू खात नाही, त्याचं रक्त तपासून उपयोग नाही, ते स्वच्छच येणार. नीट तपासायचं तर निदान सहा आठवडे रोज दोन चपात्या खाव्या लागतील, आणि त्रास झाला तर लगेच थांबून इथं यावं लागेल. तुम्हाला पूर्वी कधी पोटाचा काही त्रास?

नानासो खुर्चीतल्या खुर्चीत सावधान झाले. "कायबी न्हाई."

आता फौजेत असताना पोट बिघडायचं, ही गोष्ट खरी होती. पण ते तिथल्या पाण्यानं. सतरा वर्षांत त्यांच्या सात ठिकाणी बदल्या झाल्या आणि सातही ठिकाणचं पाणी वाईट निघालं. गावी परतून भाकरी सुरू झाल्यावर म्हसवडचं पाणी मात्र चांगलं लागलं. यात डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

राहता राहिला प्रश्न, खाणार कुठं? म्हसवडात हे चपात्या खातात की नाही हे बघणार कोण, अशी शंका आप्पासोंनी मोकळेपणानं बोलून दाखवली. अमृतच्या घरातून तर गव्हाचा डबाच बाहेर गेला होता. मग आप्पासोंनीच तोडगा काढला. व्याह्यांनी सहा आठवडे माधवनगरला आमच्याकडं राहायचं आणि आमच्या पंगतीला जेवायचं. आपणही सोबत तपासणी करून घेऊ. होऊन जाऊ दे एकदाचं.

व्याही घरी राहायला आला म्हणजे त्याला काय वाढायचं, याचे काही नियम असतात. आप्पासोंच्या पत्नी मनुबाई ते सगळे जाणून होत्या, आणि कुठंच नसलेल्या काही नियमांची त्यांनी भर घातली. पहिल्या आठवड्यात चपात्या, शिरा, पुऱ्या झाल्या. दुसऱ्यात पुरणपोळी दोनदा झाली. नानासोंचं पोट तिसऱ्या दिवसापासूनच बोलायला लागलं होतं. ते जेवून उठले की "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे, आणि माधवनगरात कुठल्या कोपऱ्यावर, कुणाच्या ओळखीनं आणि कितीपर्यंत उघडं असणारं शौचालय आहे, हे त्यांना तिथं जन्मलेल्या माणसांपेक्षा चांगलं कळायला लागलं. घरचं वापरायची सोय नव्हती. आप्पासो बाहेरच्या खोलीत बसून फेऱ्या मोजत असणार, याबद्दल त्यांना खात्री होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या विजारीला कमरेत गाठ मारावी लागली. मनुबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या हादरल्या. व्याही आपल्या घरी राहून वाळायला लागला! लोक काय म्हणतील? त्यांनी आपल्या परीनं उपाय केला. दोनाच्या तीन चपात्या झाल्या, वर तुपाची धार, आणि चहाबरोबर शंकरपाळी. नानासो जितके वाळत गेले तितकं ताट भरत गेलं, आणि ताट जितकं भरत गेलं तितके नानासो वाळत गेले.

याच काळात आप्पासो अचानक धार्मिक झाले होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये एकादशी, वर चतुर्थी. नानासोंच्या ताटात पोळी पडायची तेव्हा समोर आप्पासोंच्या ताटात वरी आणि शेंगदाण्याची आमटी असायची. उरलेल्या वारी त्यांना भातच खावासा वाटायचा. आपल्या दुखण्यातून डोकं वर काढायला वेळ मिळाला असता, तर नानासोंना हे खटकलं असतं.

पाचव्या आठवड्यातल्या रविवारी नानासो नातीला भेटायला म्हणून सिटी बसनं सांगलीला निघाले. सकाळी मनुबाईंनी लापशी केली होती. बस निम्म्या वाटेवर आली आणि त्यांच्या पोटानं असा काही इशारा दिला की ते स्टॉप यायच्या आधीच कंडक्टरला हात जोडून उतरले. समोर मंगल कार्यालय होतं. कमान, केळीचे खांब, सनई. नानासो कुणाकडं न बघता सरळ आत शिरले आणि पाट्या न वाचता, नुसत्या अनुभवाच्या जोरावर, हवं तिथं पोचले.

बाहेर आले तेव्हा हुशारी वाटत होती. पण दारापर्यंत पोचायच्या आत एका माणसानं त्यांचा हात धरला. हे नेमिनाथ अण्णा, मुलीचे वडील, हळदीचे व्यापारी. पांढरी विजार, पांढरा सदरा, मिलिटरी मिशा असलेला वयस्कर माणूस न जेवता निघालाय, हे त्यांना दिसलं होतं. त्यांनी नानासोंच्या डोक्याला फेटा बांधवला, हाताला धरून पंगतीत नेलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. नाही म्हणायचं तर कशाला आलो होतो ते सांगावं लागणार. नानासो बसले. पुऱ्या आल्या, गव्हाची खीर आली. अण्णांनी स्वतःच्या हातानं आणखी दोन पुऱ्या वाढल्या आणि ताट रिकामं होईपर्यंत हलणार नाही असं प्रेमानं सांगितलं.

चौथ्या पुरीला नानासोंच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि ते फेट्यासकट शेजारच्या माणसाच्या मांडीवर आडवे झाले.

पुढच्या दहा मिनिटांसारखी दहा मिनिटं त्या कार्यालयानं कधी बघितली नसतील. जेवणातनं काहीतरी झालं, असं कुणीतरी बोललं. चारशे माणसांचे हात ताटातच थांबले. केटरर रडायला आला आणि आपलीच खीर वाटीवर वाटी पिऊन दाखवायला लागला. तोवर मुलाकडच्यांनी सांगितलं की हे गृहस्थ आमचे नव्हेत, मुलीकडचे असतील. मुलीकडचे म्हणाले, आम्ही यांना आजच बघतोय, मुलाकडचेच असणार. ज्याच्या त्याच्या बाजूनं त्यांना दुसरीकडं ढकलणं चाललं असताना नेमिनाथ अण्णांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, तुम्ही नक्की कुणाकडचे?"

"ब्राह्मी मॅडमकडं न्या," नानासो डोळे मिटूनच म्हणाले.

तपासण्या झाल्या. रक्त सातावर आलं होतं. सिलिॲकच्या तपासणीचा आकडा इतका मोठा होता की मॅडमनी तो दोनदा वाचला. दोन दिवसांनी नानासोंच्या घशातून दुर्बीण आत गेली आणि वीरकर घराण्याचं आतडं पहिल्यांदाच कुणीतरी आतून बघितलं. संशयाला जागा राहिली नाही. नानासोंना तोच आजार होता, आणि बहुतेक जुनाच.

मॅडम रागावल्या, पण आवाज न चढवता. त्रास झाला तर थांबायला सांगितलं होतं ना? नानासोंनी खाली मान घालून कबूल केलं. मग त्यांनी पूर्वीचं पुन्हा विचारलं, आणि या वेळी नानासोंनी सात गावांच्या पाण्याची हकीकत सांगितली. पोट बिघडायचं, धाप लागायची, दौडीत मागं पडायचे. आजारी म्हणून चौथ्यांदा सिक रिपोर्टला गेले तेव्हा सुभेदारानं सगळ्या कंपनीपुढं त्यांना कामचुकार म्हटलं. कागदावरही तसंच गेलं, आणि पुढची बढती कधी मिळाली नाही. ही गोष्ट त्यांनी रंगुबाईंनाही सांगितलेली नव्हती. शेजारी सोनिया उभी होती हे ते बोलण्याच्या नादात विसरले.

"इतक्या वर्षांनी छातीठोक सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या, "पण यामुळंच झालं असेल असं मला वाटतं. तुम्ही आजारी होता. कामचुकार नव्हता."

नानासोंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"हे कागदावर लिहून द्याल का?"

"कुणाला दाखवायचंय?"

"सुभेदारसाब तर गेलं. ऱ्हाऊ दे आपलं माझ्यापशी."

मॅडमनी लिहून दिलं. सोनियानं तो कागद घडी घालून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "मामा, आता घरी चला. भाकरी केलीय."

रंगुबाई दुसऱ्याच दिवशी बाजरीचं पीठ घेऊन सांगलीला आल्या. त्या सुनेच्या स्वयंपाकघरात शिरल्या, थोडा वेळ भांडी इकडून तिकडं केली आणि शेवटी म्हणाल्या की आपल्याला ऐकायला चुकलं होतं. माफी म्हणून त्यांच्याकडून एवढंच निघालं. पण म्हसवडला परत गेल्यावर त्यांनी त्याच तीन गल्ल्यांत जाऊन सांगितलं की सुनेचं काही नव्हतं, आमच्या मालकांचंच आहे. पहिली बातमी सांगितली होती त्यापेक्षा जास्त उत्साहानं सांगितली, असं ऐकणारे म्हणतात.

आप्पासो मात्र जिंकून बसले होते. पण त्यांचं सुख आठ दिवसच टिकलं. मनुबाईंनी सोनियाजवळ सहज विषय काढला की चाळीस वर्षांच्या संसारात महाशिवरात्र सोडून ज्यांनी उपवास केला नाही, त्यांनी पाच आठवड्यांत सतरा केले. सोनियानं वडिलांकडं नुसतं बघितलं. आप्पासोंनी कबूल केलं. ऐन वेळी आपल्याच रक्तात काही निघालं तर काय, या भीतीनं त्यांनी गहू सोडला होता. मग पोरीच्या देखरेखीखाली त्यांनी सहा आठवडे मुकाट्यानं चपात्या खाल्ल्या आणि रक्त दिलं. ते स्वच्छ आलं. त्यांना म्हणावा तसा आनंद झाला नाही.

कारण मधल्या काळात घरातलं वारं फिरलं होतं. नानासोंच्या अंगात रक्त भरलं होतं, चेहरा उजळला होता. ते महिन्यातले पंधरा दिवस सांगलीतच राहायला लागले होते. उत्कर्षाचं आणि त्यांचं पीठ एक, तवा एक, डबा एक. बाहेर कुठं गेलं की दोघं मिळून विचारायचे, यात मैदा आहे का? कुणी कंटाळून "एवढ्यानं काय होतंय" म्हटलं, तर नानासो हवालदाराच्या आवाजात त्याला काय होतंय ते सविस्तर सांगायचे. पोरगी पहिल्यांदाच पोटभर जेवत होती, पळत होती, आणि शाळेत सांगत होती की माझ्या आबांना पण आहे. आप्पासो आले की ती त्यांनाही येऊन बिलगायची, पण मग लगेच आबांकडं परत. आप्पासोंकडं तिला देण्यासारखं काहीच नव्हतं, अगदी आजारसुद्धा नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी ते भडंगाचा डबा घेऊन आले. हिंगात गव्हाचं पीठ असतं हे सोनियानं सांगितल्यापासून मनुबाई भडंगात हिंग घालत नव्हत्या. सगळे बसून खात होते. बोलता बोलता नानासो अमृतला म्हणाले की पोरगी सगळी आपल्यावर गेलीय, हा आजार पाच पिढ्या वीरकरांच्यात असणार, फक्त बाजरीनं झाकून ठेवला होता. त्यांच्या बोलण्यात आता कसलीच लाज नव्हती. उलट वतन असल्यासारखे बोलत होते.

आप्पासोंनी हातातलं भडंग डब्यात परत टाकलं.

"सगळं तुमचंच कसं, पाव्हणं? मॅडम काय म्हनल्या? दोघांकडनंबी आलेलं असतंय. निम्मं आमचं हाय."

"तुमचं रक्त स्वच्छ आलंय की."

"रक्त स्वच्छ आलं म्हनून काय झालं? शक्यता तर असंल. त्याची येगळी तपासनी असती, मी इचारून आलोय. मी करनार हाय."

नानासो म्हणाले, कितीबी तपासण्या करा, काही निघायचं नाही. आप्पासोंचा आवाज मागावर गेला. अमृत दोघांच्या मध्ये हात घालून, ब्राह्मी मॅडमनी अशा तपासणीची काही गरज नाही असं मागंच सांगितलंय, हे ओरडून सांगत होता. पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

उत्कर्षा दोघांच्या मध्ये बसून भडंगातले शेंगदाणे वेचून खात होती. खाली रस्त्यावर पाणीपुरीचा गाडा लागला होता आणि तिच्या वर्गातल्या दोघी तिथं उभ्या होत्या. तिनं गॅलरीतून थोडा वेळ खाली बघितलं, मग आत वळून एकदा आबांकडं आणि एकदा आप्पांकडं बघितलं.

"ज्याचं कुणाचं असंल," ती म्हणाली, "त्याला परत देता येतंय का?"

 दोन्ही व्याह्यांनी एकाच वेळी भडंगाच्या डब्यात हात घातला.